समुद्रतळाची तार आणि केनियाची बुद्धि

मुंबई आणि मोंबासा या दोन बंदरांचा संबंध आजचा नव्हे. मोसमी वाऱ्यांचा हंगाम साधून शिडाचीं गलबतें शतकानुशतकें भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरून पूर्व आफ्रिकेकडे जात आणि तिकडील हस्तिदंत घेऊन परत येत. या व्यवहारांत मालाबरोबर शब्दांचीहि देवघेव झाली. केनियांत स्वाहिली बोलणारा मनुष्य द्रव्याला 'पेसा' म्हणतो. तो आपल्याकडील 'पैसा'च होय.

२००९ सालच्या जुलै महिन्यांत या दोन बंदरांमध्यें एक नवा दुवा जोडला गेला. समुद्राच्या तळावरून जाणारी 'सीकॉम' नांवाची तार त्या महिन्यांत सुरू झाली. दक्षिण आफ्रिका, मोझांबिक, टांझानिया, केनिया असा किनारा धरून वर येणाऱ्या या तारेची एक शाखा युरोपकडे गेली आहे आणि दुसरी मुंबईस येऊन लागली आहे. या तारेंतून माल जात नाहीं, माणसें जात नाहींत. केंसाइतक्या बारीक कांचेच्या तंतूंतून केवळ प्रकाशाचे स्पंद जातात. परंतु त्या स्पंदांच्या रूपानें पत्रें, हिशेब, चित्रें, रोगाचीं निदानें, यंत्रांचे नकाशे, सारें कांहीं जाऊं शकतें. अशी विपुल आणि अखंड वाहतूक घरोघर पोंचविणाऱ्या सोयीला ब्रॉडबँड इंटरनेट असें नांव आहे.

अशी तार एखाद्या गरीब देशाच्या किनाऱ्याला लागली, म्हणजे त्या देशांत नव्या कल्पना, नवीं साधनें व नवे धंदे आपोआप निर्माण होतात काय? कित्येक तज्ज्ञ म्हणतात कीं तार हेंच बीज आहे. दुसरे म्हणतात कीं ज्या देशांत शाळेला छप्पर नाहीं आणि दवाखान्यांत औषध नाहीं, त्याला कांचेच्या तंतूंचा काय उपयोग? या वादाचा निकाल केवळ तर्कानें लागणारा नाहीं. ज्या देशानें हा प्रयोग केला त्याचा अनुभव पाहणें हाच खरा मार्ग होय, आणि त्या दृष्टीनें केनियाइतका बोधप्रद देश क्वचित् आढळेल.

बाहेरून आलेल्या वाटेचा केनियाला एक जुना अनुभव आहे. १८९६ ते १९०१ या काळांत ब्रिटिश सरकारनें मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवराच्या कांठापर्यंत लोहमार्ग बांधला. त्या कामासाठीं हिंदुस्थानांतून सुमारें ३२,००० मजूर नेण्यांत आले. त्यांपैकीं सुमारें २,५०० तेथेंच मृत्यु पावले. नैरोबी शहर जन्मास आलें तें याच मार्गावरील एका तळाच्या रूपानें. लोहमार्गानें देशाचें रूप पालटलें, यांत शंका नाहीं. परंतु त्या गाड्यांत कोणता माल भरावयाचा, भाडें किती घ्यावयाचें, हें ठरविणारे लोक तेथले नव्हते. कॉफी, चहा व कापूस कच्च्या स्वरूपांत बंदराकडे जाई आणि तयार माल परदेशांतून आंत येई. वाट होती, पण ती वापरून स्वतःची कांहीं घडण करण्याची मुभा वाटेशेजारीं राहणाऱ्या माणसाला नव्हती. कोणत्याहि नव्या वाटेची परीक्षा करतांना हा अनुभव विसरून चालणार नाहीं.

आतां २००९ पूर्वींची स्थिति पाहूं जातां असें दिसतें कीं, केनियाच्या किनाऱ्याला तोंपर्यंत कांचतंतूची एकहि समुद्री तार लागलेली नव्हती. बाहेरच्या जगाशीं होणारें इंटरनेटचें सारें दळणवळण उपग्रहांच्या द्वारें चाले. हे उपग्रह विषुववृत्तावर सुमारें ३६,००० किलोमीटर उंचीवर असतात. प्रकाशाचा वेग सेकंदाला तीन लक्ष किलोमीटर असला, तरी प्रश्न वर जाऊन खालीं यावयाचा आणि उत्तर पुन्हा वर जाऊन खालीं यावयाचें, एवढ्या प्रवासांत जवळ जवळ अर्धा सेकंद मोडतो. संगणकावर एखादें पान उघडावयाचें तर अशीं अनेक प्रश्नोत्तरें व्हावीं लागतात. शिवाय ही वाहतूक अत्यंत महाग होती. आज शहरांतील एका घरालाहि अपुरी वाटेल एवढ्या वाहतुकीसाठीं कंपन्यांना महिन्याला हजारों डॉलर मोजावे लागत.

याहूनहि चमत्कारिक गोष्ट अशी कीं, नैरोबींतील एका कचेरीनें रस्त्यापलीकडील कचेरीला पाठविलेलें पत्रहि पुष्कळदां परदेशांतून फिरून येई. दोन्ही कचेऱ्यांनीं निरनिराळ्या कंपन्यांकडून सेवा घेतलेली असली आणि त्या कंपन्यांची आपसांत जोडणी नसली, कीं एवढा वळसा घेण्यावांचून गत्यंतर नसे. ही उधळपट्टी थांबविण्यासाठीं २००० सालच्या अखेरीस तेथील कंपन्यांनीं एकत्र येऊन देशांतली वाहतूक देशांतच अदलाबदल करण्याचा एक नाका उभारला. मक्तेदारी असलेल्या दूरध्वनि कंपनीनें त्याविरुद्ध तक्रार केली आणि नियामक अधिकाऱ्यांनीं तो थोड्याच दिवसांत बंद पाडला. वर्षभराच्या खटपटीनंतर २००२ च्या फेब्रुवारींत तो पुन्हा सुरू झाला. नव्या कल्पनेच्या मार्गांतील पहिली धोंड नेहमीं यंत्राची किंवा पैशाचीच असते असें नाहीं. ती पुष्कळदां परवान्याची असते, हें या प्रकरणावरून दिसून येतें.

येथें एका गोष्टीचा उलगडा केला पाहिजे, कारण ती तारेच्या पक्षपात्यांना अडचणींत टाकणारी आहे. केनियाचें नांव ज्या शोधामुळें जगभर झालें तो शोध या तारेच्या आधींचा आहे. मोबाईलच्या द्वारें पैसे पाठविण्याची 'एम-पेसा' ही पद्धति २००७ सालच्या मार्च महिन्यांत सुरू झाली. तिला ब्रॉडबँडची गरज नव्हती. अगदीं साध्या, स्वस्त मोबाईलवरून लघुसंदेश पाठविण्याच्या सोयीवर ती उभारलेली होती.

तिचा उगम मोठा उद्बोधक आहे. आरंभीं, २००५ च्या सुमारास, हा प्रयोग लहान कर्जें घेणाऱ्या लोकांनीं आपले हप्ते मोबाईलवरून फेडावे एवढ्यासाठींच योजिलेला होता. परंतु चांचणी चालू असतां असें दिसून आलें कीं, लोक त्या सोयीचा भलताच उपयोग करीत आहेत. कोणी ती वापरून दुसऱ्या गांवच्या नातलगास पैसे पाठवी. कोणी प्रवासांत खिशांत रोकड नको म्हणून निघण्यापूर्वीं पैसे भरी आणि मुक्कामीं पोंचल्यावर काढून घेई. चालकांनीं हट्ट न धरतां लोकांनीं दाखविलेली दिशा पत्करली. शहरांत राबणाऱ्या माणसानें गांवीं आईबापांना पैसे पाठवावे, हेंच त्या योजनेचें मुख्य रूप ठरलें. मध्यवर्ति बँकेनेंहि नियमांचें बोट दाखवून तिला अडविलें नाहीं. दोन वर्षांत तिचे ग्राहक ६० लाखांच्या घरांत गेले. तवनीत सुरी आणि विल्यम जॅक या अर्थशास्त्रज्ञांनीं २०१६ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत असा अंदाज मांडला आहे कीं, या सोयीमुळें केनियांतील सुमारें १,९४,००० कुटुंबें, म्हणजे शेंकडा दोन कुटुंबें, दारिद्र्याच्या रेषेवर आलीं. आणि तिचा सर्वांत अधिक लाभ ज्या घरांचा कारभार स्त्रिया पाहतात त्या घरांना झाला.

तेव्हां कल्पना ही तारेंतून वाहत येत नाहीं, ती गरजेंतून उपजते, हें उघड आहे. मग तारेचें काम कोणतें? याचें उत्तर एम-पेसाच्याच इतिहासांत आहे. ती पद्धति उभारण्यास एक प्रचंड कंपनी लागली, तिच्या पाठीशीं ब्रिटनमधील भागीदार लागला, आणि ब्रिटिश सरकारच्या निधीचें साहाय्यहि लागलें. ज्याच्याजवळ यांपैकीं कांहींच नाहीं, परंतु डोक्यांत एक चांगली कल्पना आहे, अशा नैरोबींतील विशींतल्या तरुणानें काय करावयाचें? त्याला आपली कल्पना तपासून पाहण्यासच जो खर्च येई, तोच त्याच्या शक्तीबाहेरचा होता. ब्रॉडबँडनें हा खर्च उतरविला. तारेची खरी देणगी हीच होय: ती प्रयत्न करणें स्वस्त करते, आणि चुकणेंहि स्वस्त करते. शंभर प्रयोगांपैकीं नव्वद फसावयाचे हा नव्या धंद्यांचा नियमच आहे. श्रीमंत देशाला नव्वद अपयशें परवडतात. गरीब देशाला तीं परवडावयाचीं असतील, तर प्रत्येक अपयशाची किंमत कमी झाली पाहिजे.

केनियाच्या राज्यकर्त्यांनीं हें ओळखलें होतें असें दिसतें. पूर्व आफ्रिकेंतील अनेक देशांनीं मिळून एक समुद्री तार टाकावी अशी योजना बरींच वर्षें चर्चेंत होती. परंतु मालकी कोणाची व दर कोणी ठरवावे, या वादांत ती रेंगाळली. तेव्हां केनियाच्या सरकारनें, दळणवळण खात्याचे तत्कालीन सचिव डॉ. बिटांगे न्डेमो यांच्या पुढाकारानें, स्वतःची तार टाकण्याचें ठरविलें. मोंबासापासून संयुक्त अरब अमिरातींतील फुजैरा बंदरापर्यंत सुमारें ५,००० किलोमीटर लांबीची ही 'टीम्स' तार २००९ च्या जून महिन्यांत मोंबासाच्या किनाऱ्याला लागली. तिच्यांत केनियाचें सरकार व तेथील कंपन्या यांचा मिळून शेंकडा ८५ वांटा आणि अमिरातींतील कंपनीचा शेंकडा १५ होता. पुढच्याच महिन्यांत मुंबईशीं जोडणारी 'सीकॉम' ही खाजगी तार आली. आणि पूर्वीं रेंगाळलेली 'ईसी' तारहि २०१० सालीं सुरू झाली. एका वर्षाच्या अवधींत तीन तारा! त्यांच्यांत चढाओढ लागली आणि वाहतुकीचे दर झपाट्यानें उतरले. एकच तार आली असती व तिची किल्ली एकाच्याच हातांत राहिली असती, तर हा परिणाम घडला नसता. लोहमार्गाच्या काळांत जी चूक झाली ती या वेळीं बऱ्याच अंशीं टळली.

याचे परिणाम तीन प्रकारांनीं दिसून आले. पहिला परिणाम विद्येचा. ज्या विद्यार्थ्याला पूर्वीं परदेशचें पुस्तक मिळण्यास महिने लागत, त्याला जगांतील विद्यापीठांचीं व्याख्यानें आणि संगणकाच्या भाषांचे पाठ घरबसल्या मिळूं लागले. यांत शिकणाऱ्याला गुरूची प्रतिष्ठा किंवा शिफारस लागत नाहीं, चिकाटी लागते. २०१० सालीं नैरोबींत स्थापन झालेल्या 'अकिराचिक्स' या संस्थेनें गरीब घरच्या मुलींना संगणकाचें शिक्षण देण्याचें कार्य हातीं घेतलें, तें याच अनुकूल काळांत.

दुसरा परिणाम सहवासाचा. २००७ च्या डिसेंबरांतील निवडणुकीनंतर केनियांत भयंकर दंगली उसळल्या. त्या वेळीं, २००८ च्या जानेवारींत, ओरी ओकोलोह, एरिक हर्समन, जुलियाना रोटिच व डेव्हिड कोबिया या मंडळींनीं 'उशाहिदी' नांवाची योजना कांहीं दिवसांत उभी केली. स्वाहिलींत या शब्दाचा अर्थ साक्ष असा आहे. कोठें काय घडलें हें सामान्य माणसानें मोबाईलवरून कळवावें आणि तें नकाशावर सर्वांना दिसावें, अशी ती कल्पना होती. दोन वर्षांनीं हैतींत भूकंप झाला तेव्हां मदत कोठें हवी हें दाखविण्यास हीच केनियन रचना उपयोगी पडली. परंतु उशाहिदी उभी करणाऱ्यांपैकीं कांहीं जण त्या वेळीं परदेशांत होते. देशांतल्या देशांत अशीं माणसें एकमेकांस भेटावीं, या हेतूनें हर्समन यांनीं २०१० च्या मार्चमध्यें नैरोबींतील न्गोंग रस्त्यावरील एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर 'आयहब' नांवाची जागा उघडली. तेथें जलद इंटरनेट, बसावयास टेबलें व कॉफी एवढाच थाट होता. पण प्रोग्रॅम लिहिणारा, व्यापाराची अक्कल असणारा आणि भांडवल लावणारा हे तिघे तेथें एका छपराखालीं येऊं लागले.

याच्याशीं तुलना करण्याजोगी दुसरी एक गोष्ट आहे. नैरोबीपासून सुमारें ६० किलोमीटरांवर कोंझा येथें संशोधकांसाठीं एक संपूर्ण नवें शहर वसविण्याचा सरकारचा संकल्प असून २०१३ च्या जानेवारींत त्याची कोनशिला बसली. दशक उलटल्यावरहि तें शहर कागदावर जेवढें भरलेलें होतें तेवढें भूमीवर भरलें नव्हतें. चौथ्या मजल्यावरील टेबलें मात्र लवकरच भरलीं. तार टाकणें हें राज्याचें काम आहे. परंतु तारेच्या टोंकाशीं कोणी बसावें आणि काय घडवावें, हें हुकुमानें ठरत नाहीं.

तिसरा परिणाम सर्वांत महत्त्वाचा आहे. एकाच्या शोधावर दुसऱ्यानें आपला शोध रचावा, ही सोय झाली. याचें उत्तम उदाहरण म्हणजे 'एम-कोपा'. २००९ च्या खानेसुमारीप्रमाणें केनियांतील एकचतुर्थांशाहूनहि कमी घरांत विजेचा दिवा होता. बाकीच्यांपैकीं बहुतेक घरीं रॉकेल जळे. सूर्यप्रकाशावर चालणारे दिवे बाजारांत होते. पण त्यांची सारी किंमत एकदम देण्याची ऐपत शेतकऱ्याला नव्हती, आणि दूरच्या खेड्यांत हप्ते वसूल करण्यास माणूस पाठविणें परवडत नव्हतें. २०१२ सालीं या कंपनीनें दिव्याच्या पेटींतच मोबाईलचें एक सिमकार्ड बसविलें. ग्राहकानें थोडी अनामत भरून पेटी घरीं न्यावी आणि एम-पेसानें रोज चाळीस-पन्नास शिलिंग, म्हणजे रॉकेलाला जो खर्च येई साधारण तेवढाच, देत जावा. पैसे पोंचले कीं पेटी चालते, न पोंचले तर थांबते. हप्ते पुरे झाले म्हणजे ती कायमची त्याची होते. येथें नवें असें एकहि यंत्र नाहीं. दिवा जुना, मोबाईल जुना, पैसे पाठविण्याची रीत जुनी. नवी आहे ती त्यांची सांगड. आणि ती जुळविण्यासाठीं दूरच्या प्रत्येक पेटीचा हिशेब क्षणोक्षणीं ठेवणारी जी व्यवस्था लागते, ती जलद दळणवळणाशिवाय उभीच राहिली नसती. पुढें २०१७ सालीं एम-पेसाच्या चालकांनीं 'दराजा', म्हणजे पूल, या नांवानें आपल्या पद्धतीचें दार बाहेरच्या प्रोग्रॅमकारांना सहज उघडेल असें केलें. तेव्हां लहानसहान दुकानदारांसाठीं हिशेबाचीं व विक्रीचीं साधनें रचणाऱ्यांना एक तयार पायाच मिळाला.

तारेमुळें पोटाचा प्रश्न सुटतो काय, यावर एक महत्त्वाचा अभ्यास झालेला आहे. योनास ह्योर्ट व योनास पौल्सेन या दोन अर्थशास्त्रज्ञांनीं आफ्रिकेंतील बारा देशांची माहिती घेऊन, समुद्री तारा आल्यावर जीं ठिकाणें जोडलीं गेलीं आणि जीं राहिलीं त्यांची तुलना केली. २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाचा निष्कर्ष असा कीं, जोडलेल्या ठिकाणीं रोजगार वाढला. तो शेजारच्या ठिकाणाहून ओढून आणलेला नव्हता. आणि त्याचा लाभ केवळ पदवीधरांनाच नव्हे, तर कमी शिकलेल्या लोकांनाहि झाला. शाळेला छप्पर आधीं कीं तार आधीं, असा प्रश्न करणाऱ्यांनीं या निष्कर्षाचा विचार करावा. दोन्ही गोष्टी एकमेकींच्या वैरिणी नाहींत.

तथापि या चित्राची दुसरी बाजूहि तितक्याच स्पष्टपणें सांगितली पाहिजे. तारा आल्याला दहा वर्षें झाल्यावर, २०१९ च्या खानेसुमारींत, तीन वर्षांवरील केनियन लोकांपैकीं इंटरनेट वापरणारे शेंकडा २२.६ एवढेच आढळले. शहरांत हें प्रमाण शेंकडा ४२.५, तर खेड्यांत शेंकडा १३.७ होतें. मोंबासाच्या वाळूंत तार लागली म्हणून उत्तरेकडील रखरखीत प्रदेशांतील गुराख्याच्या झोंपडींत ती पोंचत नाहीं. किनाऱ्यापासून झोंपडीपर्यंतचा तो शेवटचा कोस सर्वांत महाग असतो. तो ओलांडण्याचे अनेक प्रयत्न झाले. २०२० च्या जुलैंत एका परदेशी कंपनीनें केनियाच्या आकाशांत मोठमोठे फुगे सोडून त्यांवरून इंटरनेट पुरविण्यास आरंभ केला. सहा महिने होतात न होतात तोंच, २०२१ च्या जानेवारींत, तो उपक्रम आटोपता घेतल्याचें जाहीर झालें. उलट, उशाहिदीच्याच मंडळींनीं २०१३ सालीं पुढें आणलेलें 'ब्रिक' हें साधन साध्या अनुभवांतून निघालेलें होतें. वीज वारंवार जाते, एक जोडणी तुटते तर दुसरी चालू असते, धूळ व उकाडा नेहमींचाच. म्हणून स्वतःची बॅटरी असलेली, आपण होऊन एका जोडणीवरून दुसरीवर जाणारी अशी ती दणकट पेटी होती. ज्याच्या घरचा दिवा जातो त्यालाच दिवा गेल्यावर काय करावें हें सुचतें.

दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. तारेवरून दोन्ही दिशांनीं वाहतूक होते. पण कोणत्या दिशेनें काय जातें, हें महत्त्वाचें आहे. नैरोबींतील शेंकडों सुशिक्षित तरुण परदेशी कंपन्यांसाठीं संगणकापुढें बसून मजकुराची छाननी करण्याचें काम करीत आले आहेत. 'कृत्रिम बुद्धिमत्ता' या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या यंत्रांना शिकविण्यासाठीं हिंसेचीं व अत्याचाराचीं वर्णनें दिवसभर वाचून तीं वेगळीं करण्याचें काम तासाला दोन डॉलरांहूनहि कमी मोबदल्यांत करविलें गेल्याची हकीकत २०२३ च्या जानेवारींत प्रसिद्ध झाली. मजुरी कांहींच नसण्यापेक्षां ही बरी, असें म्हणणारे आहेत. परंतु कच्ची कॉफी बाहेर पाठवून तयार माल विकत घेण्याचा लोहमार्गाच्या काळांतील जो व्यवहार, त्याचीच ही नवी आवृत्ति नव्हे काय? तार आपली असली तरी तिच्यावरून जाणारें कच्चें श्रम असेल आणि येणारी तयार बुद्धि असेल, तर देश सुधारला असें म्हणतां येणार नाहीं.

तिसरी गोष्ट भरवशाची. २०२४ च्या मे महिन्यांत दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ 'ईसी' व 'सीकॉम' या दोन्ही तारा एकाच दिवशीं निकामी झाल्या आणि केनियासह पूर्व आफ्रिकेंतील अनेक देशांचें दळणवळण मंदावलें. ज्या देशांतील भाजीवालीहि मोबाईलवर पैसे घेते, त्या देशांत अशी घटना म्हणजे केवळ गैरसोय नव्हे. म्हणूनच एकाहून अधिक वाटा असणें आणि देशांतली वाहतूक देशांतल्या नाक्यावर अदलाबदल होणें, या दोन गोष्टींचें मोल अशा दिवशीं कळतें. २००० सालीं जो नाका बंद पाडण्यांत आला होता, तो उभारणाऱ्यांची दूरदृष्टि किती मोठी होती, हेंहि अशाच दिवशीं पटतें.

केनियाच्या या अनुभवाचा मथितार्थ थोडक्यांत सांगावयाचा तर असा सांगतां येईल. ब्रॉडबँड कोणाला बुद्धि देत नाहीं. बुद्धि तेथें होतीच. तें गरज निर्माण करीत नाहीं. गरजा तर होत्याच होत्या. ज्याच्याजवळ बुद्धि आहे व ज्याला गरज ठाऊक आहे, त्याला भांडवलदाराच्या दारांत न जातां आपली कल्पना एकदां, दोनदां, दहादां करून पाहण्याची संधि तें देतें. ही संधि खरी ठरावी यासाठीं मात्र तीन गोष्टी लागतात: वाटेची किल्ली एकाच हातांत नसावी, एकानें बांधलेल्या पायावर दुसऱ्याला बांधूं द्यावें, आणि शेवटचा कोस शेवटीं राहूं नये. यांपैकीं पहिल्या दोन गोष्टी केनियानें बऱ्याच अंशीं साधल्या. तिसरी अद्यापि पुरी व्हावयाची आहे.

तारेच्या मुंबईकडील टोंकाला राहणाऱ्यांनाहि हा हिशेब लागू आहे. कोणत्याहि गरीब देशांत इंटरनेट किती घरांत पोंचलें, याचे आंकडे वर्षोवर्षीं प्रसिद्ध होतात आणि ते वाढले म्हणजे समाधान वाटतें. परंतु त्या घरांतून बाहेर काय आलें, हाहि प्रश्न विचारला पाहिजे. परदेशांतील चित्रपट व करमणूक आंत येण्यास जी तार पुरते, तीच एखाद्या खेड्यांतील मुलीची कल्पना बाहेर नेण्यासहि पुरते. तार तीच असते. फरक पडतो तो तिच्या टोंकाशीं बसलेल्या मुलीला प्रयत्न करण्याची, फसण्याची आणि पुन्हा प्रयत्न करण्याची मुभा समाज कितपत देतो यामुळें. एके काळीं 'पैसा' हा शब्द गलबतांतून तिकडे गेला आणि तिकडच्या लोकांनीं त्याच्यामागें एक अक्षर जोडून साऱ्या जगाला एक नवी रीत शिकविली. वाटेचा उपयोग असाच व्हावयाचा असतो.